साहेबाची वाडी

मुंबईकरांना इंग्रजी आडनावे कळली ती बहुधा रस्त्यांवरच्या पाट्यांमुळे आणि रेल्वेच्या फलाटांमुळे. एल्फिन्स्टन, फ्रियर, सँडहर्स्ट, लॅमिंग्टन ही मंडळी कोण होती, कोठून आली, याची विचारपूस न करता आपण त्यांची नावे ट्रामच्या तिकिटासारखी वापरली. पाट्या बदलल्या, तरी कित्येकांच्या जिभेवर ती अजून रेंगाळत आहेत. परंतु एक इंग्रजी आडनाव आपल्याकडे रस्त्यावरून आले नाही. ते आले पुस्तकांच्या कपाटातून. ते म्हणजे मोल्सवर्थ.

ज्या घरात थोडीफार मराठीची आवड असते, तेथे एखादा शब्द अडला की वडीलधारे माणूस म्हणते, "मोल्सवर्थ काढ पाहू." म्हणजे तो जाडजूड मराठी-इंग्रजी कोश. या बोलण्यात मोल्सवर्थ हा माणूस उरलेला नसतो. तो एक ग्रंथ झालेला असतो, जसा दाते म्हटले की पंचांग. माणसाचे आडनाव वस्तूला चिकटावे हा मान फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आणि गंमत अशी की, ज्या कोशात आपण हजारो शब्दांचे अर्थ पाहिले, त्याच्या पुठ्ठ्यावरच्या या शब्दाचा अर्थ मात्र कधी पाहिला नाही.

या सदरात आपल्याच आडनावांची उलटतपासणी आजवर पुष्कळ झाली. दिवाळीला पाहुण्याला पाटावर बसवण्याची रीत आहे, म्हणून या खेपेला हा साहेब पाटावर.

आता नुसत्या इंग्रजी शाळेच्या बळावर या नावाची फोड करायला बसाल तर काय होईल पाहा. 'मोल' म्हणजे जमिनीखाली बिळे करून बागेचा सत्यानाश करणारा तो मखमली अंगाचा प्राणी. 'मोल' म्हणजे अंगावरचा तीळसुद्धा. आणि 'वर्थ' म्हणजे किंमत. म्हणजे एकूण अर्थ झाला 'तिळाएवढ्या किमतीचा'! मराठी माणसाची पंचाईत तर याहून मोठी. आपल्याकडे 'मोल' म्हणजेच किंमत. मग 'मोल्सवर्थ' म्हणजे किमतीची किंमत, मोलाचे मोल. कोशकाराला हे इतके शोभून दिसते की कोणालाही खरेच वाटावे. पण शब्दांच्या बाबतीत जे फार शोभून दिसते, ते बहुधा खोटे असते. मोलकरणीचे जसे मोत्यांशी नाते नाही, तसे या नावाचे ना तिळाशी, ना किमतीशी.

इंग्रज लोकांनी या कामाची एक शिस्त बसवली आहे. १९२३ साली तेथे स्थळनामांचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली आणि एकेक परगणा घेऊन तिने गावांच्या नावांचे ग्रंथ काढायला सुरुवात केली. बेडफर्डशर आणि हंटिंग्डनशर या दोन परगण्यांचा खंड १९२६ मध्ये निघाला. त्यांचा नियम साधा आहे: आजचे स्पेलिंग पाहू नका, सापडेल तेवढे जुने स्पेलिंग पाहा. आज ज्याला हत्ती म्हणता, तो हजार वर्षांपूर्वीच्या कागदात कदाचित हातोडा असेल. आडनावांच्या बाबतीत रीनी नावाच्या विद्वानाने १९५८ साली जो ब्रिटिश आडनावांचा कोश काढला, त्यातही हीच शिस्त आहे.

तेव्हा जुन्या कागदांकडे जाऊ. हंटिंग्डनशर हा इंग्लंडच्या पूर्वेकडला एक लहानसा परगणा. १९७४ पासून तो केंब्रिजशरमध्ये सामील झाला आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, सपाट शेतांच्या मुलखात, मोल्सवर्थ नावाचे एक इवलेसे खेडे आहे. एक जुने चर्च, थोडी घरे आणि भोवती शेती. नॉर्मन राजा विल्यम याने १०८६ साली सगळ्या देशाची जी जमाबंदी करविली, त्या 'डूम्सडे' दप्तरात हे गाव 'मोलेसवर्डे' म्हणून नोंदलेले आहे. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या जन्माला साडेपाचशे वर्षे अवकाश होता, तेव्हाही हे खेडे सारा भरत होते.

या नावाचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा 'मूल' हे माणसाचे नाव. (येथे मराठी मुलाशी काही संबंध नाही, बरे का!) त्याला जुन्या इंग्रजीतला 'एस' हा षष्ठीचा प्रत्यय लागला, आपल्या 'चा-ची-चे'सारखा, म्हणून 'मूलेस', मूलची. दुसरा तुकडा 'वर्थ'. याचा किमतीच्या 'वर्थ'शी संबंध नाही. उच्चार सारखा, कुळी निराळी. जुन्या सॅक्सन शेतकऱ्याने रान साफ करून घर बांधले, घराभोवती परसू ठेवले, गुरे आत राहावीत आणि लांडगे बाहेर राहावेत म्हणून भोवती कुंपण घातले, की त्या कुंपणातल्या जागेला 'वर्थ' म्हणत. पुढे मुलगे वेगळे झाले, भावकी वाढली, एका घराची चार घरे झाली, तरी नाव तेच राहिले. अशी 'वर्थ' गावे इंग्लंडात शेकड्यांनी आहेत. लंडनमधले वाँड्झवर्थ हे वेंडेल नावाच्या माणसाचे. केनिलवर्थ, जेथल्या किल्ल्यावर स्कॉटने कादंबरी लिहिली, ते किनिहिल्ड नावाच्या बाईचे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी एका बाईच्या नावाने कुंपण उभे राहिले आणि टिकले, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. बटरवर्थ म्हणजे जेथल्या कुरणाचे लोणी चांगले, ते. आणि निसर्गकवी वर्ड्‌स्वर्थ? 'शब्दांची किंमत' असे आमच्या कॉलेजातले कित्येक विद्यार्थी मोठ्या भक्तिभावाने सांगत. पण ते आडनाव यॉर्कशरातल्या वॉड्झवर्थ गावावरून आले, आणि ते गाव वॅडी नावाच्या कोणा शेतकऱ्याचे. कवितेचा तेथे मागमूस नाही.

आता हा मूल कोण? 'मूल' हा लॅटिनमधून आलेला शब्द, आणि त्याचा सरळ अर्थ खेचर. गाढव आणि घोडी यांचे ते संकरित अपत्य. माणसाला हे नाव ठेवले म्हणजे टोपणनावच. आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा, असे सुचवणारे. इतिहासात एक मूल चांगला गाजलेला आहे. वेसेक्सचा राजा कॅडवाला याने केंट प्रांत जिंकला आणि आपल्या भावाला, या मूलला, तेथे गादीवर बसवले. केंटच्या लोकांना ते सोसले नाही. ६८७ साली त्यांनी त्याला आणि त्याच्याबरोबरच्या बारा जणांना जाळून मारले. कॅडवालाने सूड म्हणून पुन्हा केंट उजाड केले, आणि ६९४ मध्ये केंटवाल्यांना वेसेक्सच्या पुढच्या राजाला, ईनला, मूलच्या जिवाची भरपाई मोजावी लागली. कॅडवाला हे नाव सॅक्सन नव्हे, जुन्या ब्रिटनवासी केल्टिक लोकांचे. तेव्हा या भावांची आई ब्रिटन कुळातली असावी आणि म्हणून एका भावाचे नाव 'खेचर' पडले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

आमच्या खेड्यातला मूल हा तो राजा नव्हे. हा कोणी साधा शेतकरी. पण नाव तेच, आणि बहुधा टोमणाही तोच. दोन जमातींच्या सरहद्दीवर जन्मलेल्या कोणाला तरी शेजाऱ्यांनी 'खेचर' म्हटले. त्याने ते नाव अंगावर घेतले, रान तोडले, कुंपण घातले, आणि शेजाऱ्यांची नावे विसरली गेली तरी त्याचे राहिले. आपल्याकडच्या विसोबा खेचरांची येथे आठवण होते. 'खेचर' म्हणजे आकाशात संचार करणारा योगी असे एकजण सांगतो, तर कथेकरी सांगतात की भावंडांच्या तोंडून ऐकलेली शिवीच त्यांनी नाव म्हणून मिरवली. मला कथेकऱ्यांचे म्हणणे जास्त आवडते.

थोडक्यात, मोल्सवर्थ म्हणजे 'मूलची वाडी', आणि मोल्सवर्थसाहेब म्हणजे मराठीत सांगायचे तर मूलवाडीकर.

हा 'कर' येथे उगाच आणला नाही. गावावरून आडनाव पडण्याची तऱ्हा दोन्हीकडे अगदी एक आहे. नॉर्मन राजवटीनंतरच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्लंडात आडनावे हळूहळू कायम होत गेली. कोणी बापाच्या नावावरून जॉन्सन झाला, कोणी धंद्यावरून स्मिथ म्हणजे लोहार झाला, आणि कोणी गावावरून ओळखला जाऊ लागला. पण गावातल्या माणसाला गावाच्या नावाने कोण हाक मारतो? पेणमध्ये पेणकर नसतात, असतात ते पुण्यात नाहीतर गिरगावात. गाव सोडल्याशिवाय माणूस 'कर' होत नाही. त्यामुळे असे प्रत्येक आडनाव ही कोणाच्या तरी घर सोडण्याची नोंद असते. आणि गाव जेवढे लहान, तेवढे बाहेर पडणारे थोडे, तेवढे आडनाव दुर्मीळ. लोहार गावोगावी असतो, म्हणून स्मिथ पैशाला पासरी. मूलची वाडी एकच, तीही चिमूटभर. म्हणून मोल्सवर्थ विरळा.

खानदानाच्या वंशावळी लिहिणारे लोक अर्थातच खेचरापासून सुरुवात करत नाहीत. सरदार घराण्यांच्या जाडजूड ग्रंथांत मोल्सवर्थांचा मूळपुरुष म्हणून येतो तो सर वॉल्टर द मोल्सवर्थ, तेराव्या शतकातला, पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेलेला. घराण्याच्या ढालीवर लहान लहान क्रूस आहेत, ते याच्या साक्षीला ठेवलेले. असेलही. पण 'द मोल्सवर्थ' म्हणजे 'मोल्सवर्थचा' एवढेच. सर वॉल्टर घोड्यावर बसून निघाला तो याच वाडीतून. वंशावळी नेहमी तलवारीपाशी सुरू होतात, कुदळीपाशी कधीच नाही. आपल्याकडेही पाहावे, ज्याला त्याला मूळपुरुष हवा असतो तो पानिपतावर लढलेला. पानिपताला बैलगाड्या हाकणारे कोणाचेच पूर्वज नव्हते की काय, कोण जाणे!

वाडी सोडून गेलेल्या मोल्सवर्थांनी पुढे मुलूख पाहिले. एक शाखा गेली आयर्लंडात, एक कॉर्नवॉलमध्ये. आयर्लंडच्या शाखेतला रॉबर्ट मोल्सवर्थ हा वडिलांच्या पश्चात १६५६ साली डब्लिनमध्ये जन्मला. इंग्लंडच्या राजाने त्याला १६८९ मध्ये डेन्मार्कच्या दरबारी वकील म्हणून पाठवले. तेथे त्याचे आणि दरबाराचे फाटले. परत आल्यावर त्याने डेन्मार्कवर एक पुस्तक लिहिले, आणि जुने हक्क असलेली प्रजा एकट्या राजाच्या हाती सगळी सत्ता देऊन स्वतःला कशी बांधून घेते, हे त्यात मांडले. डेन्मार्कच्या वकिलाने लंडनमध्ये तक्रार गुदरली. त्यामुळे पुस्तक अधिकच खपले. १७१६ मध्ये हा गृहस्थ व्हायकाउंट झाला. डब्लिन शहरात आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. त्याचा एक मुलगा रिचर्ड हा सेनापती मार्लबरोच्या पदरी होता. १७०६ च्या रामिलीच्या लढाईत मार्लबरो घोड्यावरून पडला, शत्रूचे स्वार अंगावर आले, तेव्हा रिचर्डने स्वतःचा घोडा त्याला देऊन वाचवले.

रिचर्डने सेनापतीला वाचवले खरे, पण त्याच्याच मुलीला वाचवायला कोणी आले नाही. तिचे नाव मेरी मोल्सवर्थ. १७३६ मध्ये तिचे लग्न रॉबर्ट रॉचफर्ट नावाच्या आयरिश जमीनदाराशी झाले. हाच पुढे बेल्व्हिडिअरचा अर्ल झाला. सात-आठ वर्षांनी त्याने तिच्यावर आळ घेतला की तिचे आपल्या धाकट्या भावाशी संबंध आहेत. तेव्हापासून तिला गॉल्सटाउन येथल्या घरात कोंडून ठेवले ते नवरा १७७४ मध्ये मरेपर्यंत. म्हणजे सुमारे तीस वर्षे! नवरा त्या काळात जवळच नव्या वाड्यात मेजवान्या झोडत होता. तिची मुले मोठी झाली, त्यांनी बाप मेल्यावर तिला बाहेर काढले, तेव्हा ती म्हातारी झाली होती. तिने आळ शेवटपर्यंत नाकारला. सरदार घराण्यांच्या ग्रंथात या बाईला लग्नाची तारीख आणि अपत्यांची नावे एवढीच जागा मिळते. रामिलीच्या घोड्याला मात्र परिच्छेद मिळतो.

कॉर्नवॉलच्या शाखेचा पैसा गोड नव्हता, किंवा फारच गोड होता म्हणा, कारण तो साखरेच्या बेटावरून आला. हेंडर मोल्सवर्थ हा जमेकामध्ये आफ्रिकेतून गुलाम आणणाऱ्या कंपनीचा मुनीम होता आणि १६८४ पासून काही वर्षे त्या बेटाचा कारभारीही. १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. माणसे आणून विकणे हा त्या वेळी किताबाला आड येणारा धंदा नव्हता. याच गादीवर पुढे आठवा बॅरोनेट सर विल्यम आला, तो मात्र वेगळ्या मुशीतला. टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र लेखन त्याने १८३९ ते १८४५ या काळात सोळा खंडांत छापून काढले. त्याही आधी, १८३७-३८ मध्ये, कैद्यांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियात पाठवण्याची शिक्षा ही गुलामगिरीच आहे, असे पार्लमेंटच्या समितीचा अध्यक्ष म्हणून त्याने मांडले. १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे बंद झाले. एकाच आडनावाने माणसांची जहाजे आणली, आणि त्याच आडनावाने ती थांबवायला हातभार लावला. वंशावळीच्या वृक्षावर ही दोन पाने एकाच फांदीला आहेत.

बाकीच्यांची हजेरी भराभर घेतो. इंजिनिअरांच्या पिढ्यांना 'मोल्सवर्थ' म्हणजे खिशात मावणारी सूत्रांची चोपडी. ती लिहिणारा सर गिल्फर्ड मोल्सवर्थ हा आधी सिलोनच्या रेल्वेवर होता आणि १८७१ पासून हिंदुस्थान सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार इंजिनिअर. इंग्लंडच्या मुलांना 'मिसेस मोल्सवर्थ' म्हणजे १८७७ सालच्या 'कुकू क्लॉक' या गोष्टीची लेखिका. तिला हे आडनाव नवऱ्याकडून मिळाले, नवऱ्याशी पुढे पटले नाही, आणि आडनाव मात्र तिनेच घरोघरी पोचवले. न्यूझीलंडमधल्या सर्वांत मोठ्या गुरांच्या कुरणाचे नावही मोल्सवर्थ. वाडीचे केवढे हे कुरण! आणि १९५३ पासून इंग्लंडात या नावाचा सर्वांत प्रसिद्ध माणूस झाला तो नायजेल मोल्सवर्थ, जेफ्री विलन्सने लिहिलेला आणि रोनाल्ड सर्लने चितारलेला एक शाळकरी पोरगा. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याला एकही स्पेलिंग धड येत नाही. ज्या आडनावाने आम्हाला कोश दिला, त्याच आडनावाचे हे कार्टे! नावाला काही लाजलज्जा असती तर बिचारे पृथ्वीच्या पोटात गेले असते.

इतके सगळे होईपर्यंत ती मूळची वाडी काय करीत होती? शेती करीत होती. दुसऱ्या महायुद्धात तिच्या शेजारच्या शेतांवर विमानतळ झाला आणि तेथून अमेरिकनांची बाँबफेकी विमाने जर्मनीवर जात. युद्ध संपले, पण जागा लष्कराकडेच राहिली. १९८० मध्ये जाहीर झाले की अमेरिकेची अण्वस्त्रे वाहणारी क्रूझ क्षेपणास्त्रे इंग्लंडात दोन ठिकाणी ठेवायची, एक ग्रीनहॅम कॉमन आणि दुसरे मोल्सवर्थ. मोल्सवर्थच्या वाट्याला चौसष्ट यायची होती. शांततावादी लोक तेथे राहुट्या ठोकून बसले. त्यांनी एक छोटे प्रार्थनामंदिर बांधले, आणि त्या जमिनीत गहू पेरला, दुष्काळात सापडलेल्या आफ्रिकेतल्या लोकांना पाठवण्यासाठी. मग ६ फेब्रुवारी १९८५ च्या आधीच्या रात्री सुमारे १,५०० सैनिक आले, बरोबर पोलीस. सकाळी संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन लष्करी रंगाचे जाकीट घालून पाहणीला हजर. आणि त्या फौजेने रातोरात काय केले असेल? तिने कुंपण घातले! मैलोगणती तारेचे कुंपण. तेराशे वर्षांपूर्वी लांडग्यांसाठी जे केले, तेच पुन्हा. फक्त या वेळी शेतकरी बाहेर आणि लांडगा आत. १९८७ च्या डिसेंबरात रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्यात तह झाला आणि ती क्षेपणास्त्रे परत गेली.

आता आपल्या मोल्सवर्थकडे येतो.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ १७९५ साली जन्मला. मिसरूड फुटते न फुटते तोच कंपनी सरकारच्या मुंबईच्या पलटणीत दाखल होऊन तो इकडे आला. पेशवाई बुडाल्यावर नवा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला आणि कारभार मराठीत चालवायचा, तर साहेबांना मराठी समजेना. कोशाची निकड होती ती ही. सरकारला आमच्या भाषेचे कौतुक होते असे मानण्याचे कारण नाही. परंतु या लष्करी माणसाला कामाची गोडी लागली. जॉर्ज आणि टॉमस हे कँडी बंधू मदतीला, आणि हाताशी शास्त्रीमंडळी. १८३१ मध्ये मुंबईत कोश छापून निघाला. पुढे प्रकृती बिघडून तो विलायतेला गेला. त्याने हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने पुरा केला, तो १८४७ मध्ये निघाला. मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी हा गृहस्थ १८५१ मध्ये पुन्हा इकडे आला, आणि १८५७ साली, उत्तरेकडे बंडाचा वणवा पेटलेला असताना, मुंबईत ती आवृत्ती बाहेर पडली. शब्द सुमारे ६०,०००. म्हणी, खेड्यातल्या शिव्या, बायकांचे बोलणे, कोकणातले शब्द, देशावरचे शब्द, मुलांचे खेळ, शेतीची अवजारे. आजच्या सभ्य कोशात जे शब्द पाय ठेवायला धजत नाहीत, तेही तेथे मांडी घालून बसलेले. १८६३ मध्ये बाबा पदमनजींनी त्याचा संक्षेप काढला. १९७५ साली पुण्यात मूळ कोशाचे पुनर्मुद्रण झाले, आणि आता शिकागो विद्यापीठाच्या कृपेने तो घरबसल्या संगणकावर उघडता येतो.

लोकांनी या साहेबाला 'मोलेसरशास्त्री' करून टाकले. भाषेने त्याच्यावर उगवलेला हा सूडच म्हणायचा. ज्याने आमचे साठ हजार शब्द इंग्रजीत बसवले, त्याचे एक आडनाव आम्ही असे मराठीत बसवले की खुद्द मूल शेतकऱ्याने ओळखले नसते.

पण शास्त्री हा शब्द येथे एका वेगळ्या कारणाने खटकतो. खरे शास्त्री निराळे होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके आणि त्यांचे सोबती. यांनी सरकारसाठी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' हा मराठीतला मराठी कोश केला, तो १८२९ पासून छापून निघू लागला, म्हणजे साहेबाच्या कोशाच्याही आधी. साहेबाच्या कोशामागेही हेच ज्ञान, हीच शास्त्रीमंडळी. शब्द त्यांनी आणले, छटा त्यांनी सांगितल्या. 'हे देशावर असे म्हणतात, तिकडे तसे' हा निवाडा त्यांचा. साहेबाने ते इंग्रजीत उतरवले, आणि फार सुरेख उतरवले, हे त्याचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. परंतु पुठ्ठ्यावर एकच आडनाव मावले. आज सुशिक्षित माणसाला मोल्सवर्थ ठाऊक असतो, कँडी थोडाफार ठाऊक असतो, क्रमवंत मात्र कोणी म्हटले तर तो ते आडनाव आहे हेसुद्धा चटकन ओळखत नाही. वास्तविक 'क्रमवंत' म्हणजे वेदाचा क्रमपाठ म्हणणारा; शब्दामागून शब्द जोडीजोडीने, एकही न चुकवता म्हणण्याची ती कठीण विद्या. कोश करायला बसलेल्या माणसाला याहून साजेसे आडनाव शोधून सापडायचे नाही, आणि हे शोभून दिसते तरीही खरे आहे.

या मंडळींची आणि साहेबाची गाठ कोशाच्या एका पानावर फार मजेने पडलेली आहे. 'व' काढावा आणि 'वाडी' हा शब्द पाहावा. पहिला अर्थ दिला आहे तो शेताची किंवा बागेची कुंपण घातलेली जागा. त्याच्याखाली दुसरा अर्थ, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, लहान खेडे. आणि कोकणातली गावे अशा सुट्या सुट्या वाड्यांची बनलेली असतात, अशी पुरवणीही जोडली आहे. सॅक्सन भाषेतल्या 'वर्थ'चे अर्थ याच क्रमाने लावतात: आधी कुंपण, मग वस्ती. शास्त्र्यांनी सांगितले असेल, साहेबाने इंग्रजीत लिहून घेतले असेल, आणि शाई वाळल्यावर दोघेही पुढच्या शब्दाकडे वळले असतील.